भरतीत सोडलेला नारळ

भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट सांगतो. वहिनी साखरप्याची, घाटाखालची. लग्नानंतर तिला अजून माहेरी धाडली नव्हती. नारळी पौर्णिमा आली. आमच्या घरचे नारळ ओहोटी लागल्यावर सोडायचे, म्हणजे ते समुद्राला मिळतात. वहिनीने आपला भर भरतीतच सोडला.

दादा उखडला, "अगो, आत चालला तो!"

ती म्हणाली, "ही काजळी नदी आमच्या घरामागूनच येते. आता पाणी उलटं चाललंय, तर आईला पोचेल."

आम्ही पोट धरून हसलो. आमची आई मात्र नारळ वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

मग म्हणाली, "भरती चांदेराईपर्यंतच जाते गो. पुढे तुलाच न्यायला हवा."

आणि दादाकडे वळून, "हसतोस काय? होडी काढ."