लाकडाची साल वर की खाली

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या ज्येष्ठ सभासद गुडवेगबाई, पाळक इंगेब्रिग्ट, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती लैडुल्फ आणि त्यांच्या पत्नी सिग्नेबाई, वाफल भाजता भाजता स्वयंपाकघरातूनच ऐकणाऱ्या भगिनींनो आणि प्रिय मंडळी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. गुडवेगबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं मला दिसतंय. मी तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाजवळ काढली. तिथे ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, त्यामुळे आवाज चढला तर तो रागाचा समजू नका. अर्थात, थोडा रागाचाही आहे.

लैडुल्फने बावीस वर्षं आपला शेजारी-गट, म्हणजे बाहेरच्यांना भेटून मंडळीत आणणारा गट, चालवला. या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान चौदा जण त्याचं बोट धरून प्रभूपाशी आले. पाळकसाहेबांनी आत्ताच तो आकडा सांगितला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या चौदांतला एक मी.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बायको ओसहिल्ड जाऊन सात महिने झाले होते. अंगणात हिवाळ्याच्या जळणाचा, बर्चच्या लाकडांचा ढीग पडला होता आणि रचायला मला जीव नव्हता. एका गुरुवारी हा हातमोजे घालून दारात उभा. म्हणाला, "मी लैडुल्फ. तुझा शेजारी." मी म्हटलं, "शेजारी? तू तर फ्योर्डच्या पाण्यापलीकडे राहतोस." हा हसला आणि म्हणाला, "पाण्याला काय भिंत असते का?" आता सांगा, अशा माणसाला कोण हाकलून देईल?

तुम्हाला माहीत आहे, आपल्या गावात दोन पंथ आहेत. धर्माचे नव्हे, लाकडाचे. एक साल वर ठेवून रचणारे, दुसरे साल खाली ठेवणारे. यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. मी साल वरवाला. वडिलांपासून. साल वर असली की पावसाचं पाणी निथळून जातं, एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मी लैडुल्फला विचारलं, "तू कोणत्या बाजूचा?" तो म्हणाला, "वर. दुसरं काय?" त्या एका उत्तरावर मी त्याला कॉफी दिली. मग दर गुरुवारी तो आला. दोन वर्षं. देवाचा विषय त्याने काढला नाही, तो मीच काढला. ओसहिल्डच्या शेवटच्या सकाळबद्दल मी त्याला जे सांगितलं ते माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगणार नाही. तो ऐकत राहिला. मला वाटलं, असा मित्र ज्या देवाचा आहे, तो देव बघायला हवा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पाळकसाहेबांनी मला फ्योर्डच्या पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. दात वाजत होते, पण असा आनंद मला लग्नानंतर झाला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी दोन कप मांडले. लैडुल्फ आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी मी फोन केला. "काय रे, पाय बिय मोडलास का?"

"छे रे! हल्ली गुरुवारी शाळेतल्या नव्या मास्तराकडे असतो. एकटा आहे बिचारा."

"आणि मी?"

"तुझं काय? तू तर आता आपलाच झालास!"

मंडळी, मी आपला झालो आणि मला कोणी विचारेनासं झालं. रविवारी हस्तांदोलन होतं. वाफल मिळतात. मी कुणाला काही बोललो नाही. म्हटलं, माणसाला कामं असतात.

गेल्या शनिवारी मंडळीने ठरवलं की लैडुल्फनंतर शेजारी-गट मी सांभाळावा. मोठा मान आहे, मी आभारी आहे. म्हणून गटाची पेटी आणायला मी पहिल्यांदाच त्याच्या घरी गेलो. हो, पहिल्यांदाच. मला कधी बोलावलंच नव्हतं. पेटी त्याने हसत हातात दिली. बाहेर पडताना घराच्या भिंतीला लागून लाकडं रचलेली दिसली. सुरेख रचलेली. आणि एकूण एक लाकूड, साल खाली.

हसू नका. तुम्ही हसताय, पण मी तिथे पेटी खाली ठेवून एकेक लाकूड तपासलं.

घरी येऊन पेटी उघडली. आत कार्डं. प्रत्येकावर एका बाहेरच्या माणसाचं नाव. तीच कार्डं घेऊन आपण दर शरद ऋतूत प्रार्थना करतो. जुनी कार्डं काढायला लैडुल्फ विसरला होता. माझं मिळालं. ते वाचतो. "तोर्गिल्स होविक. विधुर. देवाचं नाव काढलं की उठून जातो. पहिल्या चार भेटींत मंडळीचा उल्लेख नको. लाकडं साल वर ठेवून रचतो, वाद घालू नये. बायकोबद्दल विचारावं, बोलतो." खाली माझ्या बाप्तिस्म्याची तारीख आणि एक शब्द. "पूर्ण."

लैडुल्फ, मान खाली घालू नकोस. माझ्याकडे बघ. तू माझं भलंच केलंस, हे मी या सगळ्यांसमोर सांगतो. देव मला मिळाला आणि तो मी परत करणार नाही. तो काही तुझ्या कार्डावर लिहिलेला नव्हता. पण मी तुला माझी बायको सांगत होतो आणि तू मला नोंदवून ठेवत होतास. फार लागलंय ते मला. सालीबद्दलसुद्धा तू माझ्याशी खरं बोलला नाहीस रे!

पेटी मी ही इथे टेबलावर ठेवतो. ज्याला हवी त्याने घ्यावी, मला ती जमायची नाही. माझं कार्ड तेवढं खिशात ठेवतो.

गुडवेगबाई, झालंच. माझ्यावर विश्वास टाकल्याबद्दल मंडळीचे आभार. सिग्नेबाई, तुमच्या आनंदाच्या दिवशी मी हे बोललो, मला माफ करा. बाकीच्यांनीही माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्यावं, रविवारी आपण सगळे तेच तर मागतो.

लैडुल्फ, तुमची गाव सोडायची बोट शुक्रवारी आहे. मधे एक गुरुवार उरतो. माझी यंदाची लाकडं आली आहेत, अंगणात पडली आहेत. आता मी कुणाच्याच यादीत नाही, तेव्हा तुला यायला काही कारण नाही. आलास तर ये. आणि साल खाली ठेवून रच. मी भांडेन तुझ्याशी.