चौथं मढं

(तळेगाव श्यामजी पंत, १९९८. भर दुपार. छाया माहेरी राहते. तिच्या ओसरीवर तिची थोरली जाऊ रुख्मा आणि अर्ज लिहून आणलेले रिटायर गुरुजी वासुदेवराव.)

वासुदेवराव : "...सबब मा. राज्यपाल महोदयांनी दया करून कैदी रूपराव महादेवराव याची फाशी रद्द करावी व जन्मठेप द्यावी." बस, एवढंच आहे छायाबाई. खाली मयताच्या विधवेची सही असली की अर्जाला वजन येतं.

छाया : मधलं वाचा एक डाव. ते 'शांत'वालं.

वासुदेवराव : "कैदी हा मुळात शांत स्वभावाचा असून, संत्र्याच्या बागेच्या हद्दीच्या धुऱ्यावरून भावाशी वाद झाल्याने क्षणिक रागात, भान हरपून..."

छाया : शांत तं होताच गुरुजी. बापाले तोडलं, भावाले तोडलं, अन् मंग पाणी मांगतलं. पिऊन झाल्यावर गिलास ठेवला, तं वाजलाबी नाई. मी पेटीत होती. सारं आयकलं.

वासुदेवराव : अर्जाची म्हणून एक भाषा असते, बाई.

छाया : अन् डाक्टरनं कोर्टात सांगतलं, माह्या नवऱ्याची मान निम्मी लोंबून राह्यली होती, त्याची कोणती असते?

रुख्मा : तुमी नोका बोलू गुरुजी. ते खरं बोलून राह्यली.

छाया : तुमी तं बोलूच नका बाई! कोर्टात साक्ष कोणी देल्ली? तुमी. तुमच्या तोंडानं फाशी झाली तुमच्या नवऱ्याले. अन् आज अर्ज घेऊन दारात बी तुमीच?

रुख्मा : मीच. कोर्टात शपथ घेतली, मंग खोटं कसं बोलू? केळझरच्या गणपतीची चतुर्थी हाय माही. त्याले काय तोंड दाखवू?

छाया : कोर्टाले सांगतलं. मले कुठं सांगतलं? चार वर्सं झाले. निकेश शाळेतून आला, तवा तुमी त्या पेटीवर बसून होत्या.

रुख्मा : होती.

छाया : "मोठीआई, भूक लागली" म्हणे माहा लेक. आत आवाज आला मले. तुमी उठल्या नाई.

रुख्मा : नाई उठली.

छाया : काऊन?

रुख्मा : गोधड्यायची पेटी थे. तिले कडी कुठं होती? तुले आत कोंबलं अन् वर बसली. त्यायनं इचारलं, छाया कुठं हाय, म्या मनलं माहेरी गेली. तू आतून लाता मारून राह्यली होती. उठली असती तं झाकणासंगं तूच बाहेर आली असती.

छाया : आली असती! मेली असती त्याच्यासंगं!

रुख्मा : दोघंई गेले असते वं माय. म्या ओरडली, "पळ रे निकेश, पळ." त्याले वाटलं खेळ हाय. हसला थो. हसला अन् मोठ्या बापाकडंच पळत गेला.

वासुदेवराव : रुख्माबाई, पुरे.

छाया : बोलू द्या. मी दवाखान्यात बेसुद पडून होती, मले कोणी काई दाखवलं नाई. मंग?

रुख्मा : मंग काय. तिघं कपड्यात बांधून आले. गावातला एक गडी हात लावाले तयार नाई. म्या धुतले. मामंजीचे दोन बोटं वेगळे होते, थे धोतराच्या सोग्यात बांधले. धनंजय भाऊची मान लुगड्याच्या पट्टीनं बांधली, मंग धुतलं. निकेशचं डोकं मांडीवर घेतलं. केसायतलं रक्त निंघे ना. तीन बकेट पाणी लागलं. चड्डीच्या खिशात पेन्शीलचा तुकडा होता. थो राहू देल्ला.

छाया : राहू देल्ला?

रुख्मा : त्याचाच होता.

छाया : अन् तरी त्या माणसाले वाचवता.

रुख्मा : मले त्याचं तोंड नाई पाह्यचं. जेलात भेटाले एक डाव गेली नाई. पण फाशी झाल्यावर बायकोले निरोप येते, घेऊन जा म्हणते. चौथं मढं माह्यानं धुवणं होत नाई, छाया.

छाया : तं नका घेऊ. सरकारले जाळू द्या.

रुख्मा : घेतल्याबिगर राहवणार नाई मले. थेच तं.

वासुदेवराव : हे पाहा, वरच्या कोर्टानं फाशी कायम केल्याचं कळल्यापासून सातच दिवस मिळतात, आज सहावा. उद्या नागपूरच्या जेलात अर्ज पोचला नाही, तर मुदत गेली.

छाया : 'भान हरपून' खोडा.

वासुदेवराव : अहो, मग दयेला कारण काय उरतं?

छाया : 'शांत' बी खोडा. लिहा, त्यानं जाणूनबुजून मारलं. मंधात थांबून पाणी पेला, अन् सहा वर्साच्या लेकराले मारलं.

वासुदेवराव : आणि त्याच्यापुढे?

छाया : त्याच्याम्होरं लिहा, तरी फाशी देऊ नका.

वासुदेवराव : असा अर्ज आजवर कोणी मंजूर केला नसेल, बाई.

छाया : खोट्याले माही सही भेटत नाई.

रुख्मा : लिहा गुरुजी. ते सांगते तसंच लिहा.

वासुदेवराव : ...लिहिलं. इथं सही करा. बाजूला रकाना आहे, कैद्याशी नातं. काय घालू?

छाया : त्याच्याशी काई नाई. या बाईचं नाव घाला, रुख्माबाई. अन् म्होरं लिहा, जाऊ.