औषधांच्या कपाटाची किल्ली

लसीसाठी बाळाला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसले होते, सारखा त्याच्या कपाळाला हात लावत. शेजारी एक नर्स आपल्या आईशी बोलत होती.

“आठवडा झाला, अम्मी. ड्युटी बदलताना औषधांच्या कपाटाची किल्ली ती दुसरी नर्स माझ्या हातात देत नाही. टेबलावर ठेवते नि निघून जाते.”

“तिच्या सणाला यायला नाही म्हणालीस म्हणून?”

“तुमच्या प्रार्थनेला मला बसता येणार नाही, एवढंच म्हणाले.”

“बरोबरच बोललीस. ते आपल्यात नाही.”

“शुभेच्छा तरी द्यायच्या का? एक मौलवी चालतं म्हणतात, दुसरे नको म्हणतात.”

“ते ठरवतील सावकाश. तुझ्या ईदला तिनं किती वर्षं तुझी ड्युटी केली?”

“सहा.”

“आणि तिच्या सणाला तू?”

“तिनं कधी मागितलंच नाही.”

“मागायची वाट बघत बसलीस होय गं!”

तेवढ्यात ती दुसरी नर्स किल्ली घेऊन आली आणि टेबलाकडे वळली, तशी ही उठली.

“थांब ना. सणाला तू घरी राहा. तुझी ड्युटी मी करते.”

“आणि प्रार्थनेला?”

“नाही येणार.”

दुसरी टेबलापासून परत फिरली. मग तिनं किल्ली हिच्या तळहातावर ठेवली.

“तापाचं औषध संपत आलंय. बघशील?”