मशीनची चुगली

…नाही, ते माहिती पाठवणं बंद केलं होतं हो मी! याच हातानं! आणि पुन्हा चालू, आपोआप! तुम्हाला सांगतो, माझ्यासारख्या साध्या सुताराच्या मागे त्या सॉफ्टवेअरनं का लागावं? लाकूड कोरायचं मशीन आहे, कॉम्प्युटरवर चालतं, सासऱ्यांनी घेऊन दिलं… दिलं म्हणजे काय, नोंदणी स्वतःच्या नावावर, ईमेल स्वतःचा! दर सोमवारी त्यांना अहवाल जातो, "मशीन दुपारी दोन ते पाच बंद होतं." अरे, बंद होतं म्हणजे मी झोपलो होतो, फळ्यांवर! माणूस आहे मी! पण सासरे पडले कुस्तीचे निवृत्त वस्ताद, ते फोनवरसुद्धा मानगूट धरतात. "जावईबापू, पुन्हा असं दिसलं तर मशीन उचलतो आणि धाकट्या जावयाला देतो!" धाकटा जावई, म्हणजे माझा साडू! त्याला खिळा कुठल्या टोकानं ठोकतात ते माहीत नाही! आणि लक्षात घ्या, हातोडा माझ्या हातात होता!

मग शिरलो सेटिंगमध्ये. सेटिंग कसलं, भुयार ते! आधी गोपनीयता, तिच्या पोटात 'प्रगत', त्याच्या पोटात 'वापराची माहिती पाठवा'… केलं बंद. तर लाडात येऊन विचारतं, "आपला अनुभव आणखी सुंदर करायची संधी आम्हाला देणार नाही?" नाही! "नक्की?" नक्की! "नंतर आठवण करू?" कर! करूनच बघ! अशी बुक्की घातली की कीबोर्डची बटणं भुशात, 'क' अजून सापडला नाही. दोन दिवसांनी अपडेट आलं… चालू! पुन्हा बंद केलं, पुन्हा अपडेट, पुन्हा चालू! स्टूल भिंतीवर भिरकावलं, ते उलटून माझ्याच नडगीवर! आणि लक्षात घ्या, हातोडा हातातच!

शेवटी इंटरनेटची वायर कापली. करवतीनं! काय सुख वाटलं म्हणता… पण सोमवारी कंपनीकडून अहवाल गेला तो कोरा, आणि सासऱ्यांनी अर्थ काय काढला? आठवडाभर मशीनला हातच लावला नाही! झालं, टेम्पो दारात, पुढे सासरे, मागे साडू, खांद्यावर दोरखंड. "उचल रे!" साडूनं मशीन धरलं, मी साडूला धरलं, सासऱ्यांनी मला धरलं, त्या वयात हो, मान बगलेत अशी आवळली की मला माझे खापरपणजोबा दिसले! मी साडूच्या कानाचा चावा घेतला, त्यानं माझ्यावर उगारलेली फळी बसली सासऱ्यांच्या पाठीत, सासऱ्यांनी त्याला एका हातानं भुशाच्या पोत्यात कोंबला… तेवढ्यात आमची ही आली. लाकूड चिकटवायच्या सरसाची बादली उचलली आणि तिघांवर ओतली.

"बाबा, हे काम करतात की नाही, तेच बघायचंय ना? मग बघा!" स्वतःच्या मोबाईलचं इंटरनेट जोडून हिनं माझ्यादेखत सगळं चालू केलं. वापराची माहिती, चुकांची नोंद, अहवाल आता तासातासाला… सहमत, सहमत, सहमत! मी अडवणार होतो हो! हातोडा हातातच होता… चिकटलेला!

असो. मशीन वाचलं. आता दुपारी मी ते रिकामंच फिरत ठेवतो, अहवालात 'चालू' दिसतं, आणि मी फळ्यांवर आडवा. पण ते पातं काय किंचाळतं म्हणून सांगू! डोळ्याला डोळा लागत नाही… मग नुसतं पडून तरी काय करायचं? उठतो, आणि काम करतो.