दोन चाकं आहेत ना!

नाही, मला एक सांगा, मोटारसायकलला दोन चाकं कशाला देतात? दोन्ही जमिनीला टेकवायला! बरोबर ना? पण हे आमच्या जमारीला कोण सांगणार... मी सांगितलं तर म्हणतो, "आई, दोन्ही टेकवून तर सगळेच चालवतात!"

चौदा वर्षांचं पोर हो! तुम्हाला सांगते, आमच्या पश्चिम बाल्टिमोरात रविवारी तीनच्या सुमाराला लांबून आवाज येतो, हजार गांधीलमाश्या पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा, की हा हातातली चिकनची तंगडी टाकून धूम बाहेर, पायरीवर! मोटारसायकलींवर पन्नास-साठ पोरं, नंबरप्लेट नाही, हेल्मेट नाही, आणि पुढचं चाक असं सरळ आभाळात, घड्याळात बारा वाजल्यासारखं! पोलीस मागे लागत नाहीत, उगाच कुणीतरी मरायचं म्हणून. वर नुसतं हेलिकॉप्टर घिरट्या घालतं. आणि गल्ली? गल्ली टाळ्या पिटते! शेजारच्या मिस अर्नेस्टीन, ऐंशीच्या, दोन्ही गुडघे गेलेले, त्यासुद्धा खुर्चीतून, "अगं यूलंडा, बघ बघ, तो हात सोडून उभा राहिला!" अहो, तुम्ही तरी...! दोन चाकं आहेत ना? टेकवा ना बाबांनो!

मी काय कमी केलं? ट्रम्पेट आणून दिला. त्यातून यानं काय काढलं, तर गिअर बदलल्याचा आवाज! सायकल घेऊन दिली, तर महिन्याभरात मागचा टायर गुळगुळीत आणि पुढचा नवाकोरा!

मग तो मे महिन्यातला रविवार. मी सिटी बस चालवते, रविवारआड दुपारची ड्युटी. एकोणीस वर्षं झाली, बसला ओरखडा नाही. बस भरलेली, सिग्नल सुटला, आणि दोन्ही आरशांत तीच पोरं! डावीकडून घूंऽऽ, उजवीकडून घूंऽऽ... मागून एक म्हातारेबुवा कौतुकानं म्हणतात, "तो लाल गाडीवरचा बारकासा बघा, काय सरळ धरलीय!" मी बघितलं. लाल गाडी... आणि अंगात मीच इस्त्री केलेला शर्ट!

"जमारीऽऽ!" मी खिडकीतून अशी ओरडले की विचारू नका. त्यानं वळून बघितलं. आणि तिथंच तोल गेला हो... गाडी एकीकडे, पोर एकीकडे, थेट माझ्या बसपुढे!

ब्रेकवर मी उभीच राहिले. बस थांबली. समोरच्या काचेतून मला रस्ता दिसत होता, पोर दिसत नव्हतं.

खाली कशी उतरले, आठवत नाही. बंपरपासून हातभर अंतरावर पडला होता. कोपर सोललेलं, डोळे उघडे. मी तिथंच डांबरावर फतकल मारली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर हा काय म्हणतो? "आई, बघितलंस? अख्खा चौक पार केला, एका चाकावर!"

मारावं की मुका घ्यावा? मी दोन्ही केलं!

तेवढ्यात बाकीची पोरं फिरून आली. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. एक दांडगा पुढं आला, तोंडावरचं फडकं काढलं. "मिस यूलंडा, गाडी माझी आहे. मीच दिली. चुकलो."

"तुझं नाव काय रे?"

"डेल्रॉय, मॅडम."

"डेल्रॉय, दोन चाकं आहेत ना तिला?"

"हो मॅडम."

"मग?"

त्यानं पडलेली गाडी उचलून दोन्ही चाकांवर उभी केली. बसमधून कुणीतरी ओरडलं, "बाई, आम्हाला घरी सोडता का आधी?"

डेपोतला साहेब म्हणाला, "भर रस्त्यात प्रवासी सोडून खाली बसलात?" आणि शिक्षा म्हणून माझी रविवारची ड्युटी काढून बाकीच्या दिवशी पहाटेची दिली. घ्या! रविवार मोकळा!

घरी महिनाभर मी बोललेच नाही. पोरगं जेवेना. एकदा म्हणालं, "आई, शाळेत मला कुणी ओळखत नाही गं. त्या गाडीवर होतो ना, तर अख्ख्या रस्त्यानं माझं नाव विचारलं."

मग मीच डेल्रॉयला निरोप धाडला. बंद पडलेल्या मॉलमागं मोकळं पटांगण आहे, रविवारी सकाळी तिथं यायचं. हेल्मेट पाहिजे, गुडघ्याला पट्टे पाहिजेत, रस्त्यावर पाऊल नाही, आणि मी समोर उभी राहणार! "दोन्ही चाकं?" जमारीनं घाबरत विचारलं. मी तोंड फिरवलं... काय करता!

परवा पाद्रीसाहेबांनी वाटेत धरलं, "भगिनी, पाच रविवार झाले, चर्चमध्ये दिसला नाहीत. प्रार्थना सोडलीत की काय?"

म्हटलं, "सोडतेय कशाला? पूर्वी आठवड्यातून एकदा करायचे. आता ते चाक वर गेलं की सुरू करते, आणि खाली येईपर्यंत श्वास घेत नाही!"