कुंकवाची रेघ

सर्वेवाल्यांवर माझा काडीचा विश्वास न्हाय, आधीच सांगून ठेवतो. तुळजापुरात नाल्याच्या काठाला माझं कुंकवाचं दुकान. मागच्या पुरात पोती भिजली आन् भिंतीवर कमरेइतकी लाल रेघ उमटली. मग एक दिवस फाईल घेऊन सायेब आला.

"काका, पुराचं पाणी कुठवर आलं होतं?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगितलं की अतिक्रमण म्हणून दुकान पाडायचे! म्या म्हणलं, "पाणी? आमच्या गल्लीत? पायरीसुद्धा भिजली न्हाय."

"मग ही लाल रेघ कसली?"

"नवसाचा पट्टा हाय. देवीचा."

त्यानं रेघेला हात जोडले आन् तसंच लिहून घेतलं. शेजाऱ्यांनीबी पाणी आलंच न्हाय म्हणून सांगितलं. अशा वक्ताला आमच्यात एकी लई.

परवा चौकात पुराचा नकाशा लागला. सगळा नालाकाठ लाल, आमची गल्ली तेवढी हिरवीगार. खाली लिहिलंय, पूर आल्यास सगळ्यांनी हिरव्या भागात जमावं.

बायको म्हणाली, "आता तरी जाऊन खरं सांगा."

म्या म्हणलं, "थांब जरा. आधी कळू दे, ह्यात त्यांचा डाव काय हाय!"