दुपारचा पाळणा

मुकेश: बाल्कनीचं दार उघडं असेल.

अंकिता: बंद होतं, पंखाही बंद होता. मनू माझ्या मांडीवर होती आणि रिकामा पाळणा हलत होता. कालही, परवाही.

मुकेश: हळू बोल, आनंदाबाई हात धुऊन येऊन राहिल्या. त्यांच्याच घरचा पाळणा आहे. तळेगावहून पाहायला आल्यात, त्यांच्यासमोर भुताखेताचं काढू नको. या आनंदाबाई, ओळखला का?

आनंदाबाई: पालिश मारून नवरदेव केला बापा याले.

मुकेश: अस्सल सागवान आहे. वर जुनी काचेची हंडी लावली, तिचा उजेड बघा कसा पडतो. असा कोपरा अख्ख्या नालवाडीत नाई.

आनंदाबाई: पोरगी पाळण्यात निजली वाटते. निजू दे. याच्यात वरवंटा होता, तो कुठी हाय?

मुकेश: टोपडं घातलेला? शोभेचा वाटला मला. शेल्फवर पुस्तकांना टेकू दिलाय.

अंकिता: काकू, बारशाला बाळाआधी पाळण्यात निजवतात, तो का?

आनंदाबाई: तोच. बाळ दगडावानी टणक राहो म्हणून. बारसं झालं, अन् लेकरू राह्यलं नाई. वरवंटा राह्यला. मंग त्यालेच झोका देत गेली मी. मालक म्हणत, येडी झाली. मी आष्टीले गेलती, तवा त्यायनं पाळणा तुमाले इकून टाकला. आत कोन हाय, तेबी पाह्यलं नाई.

अंकिता: झोका कधी द्यायच्या?

आनंदाबाई: दुपारी. कामं आटपली का हात दोरीवर जायेच.

मुकेश: अंकिता, तू बस बरं खाली.

आनंदाबाई: घाबरू नको माय. पाळणा ठेवा तुमच्याजवळ. मले फक्त वरवंटा देजो, बसची येळ झाली.

मुकेश: पाळणाही न्या. मी गाडी करून देतो. आमची लहान पोर आहे, नको आम्हाला.

अंकिता: थांब. काकू, पाळणा हलायला लागला की मी रोज दोरी घट्ट धरून तो थांबवायची. रोज.

आनंदाबाई: तुले काय मालूम.

अंकिता: मुकेश, मनूला उचलून गादीवर निजव. शेल्फवरचा तो इकडे दे, दोन्ही हातांनी. काकू, टोपड्याची नाडी सुटलीय, बांधा. आणि निजवा त्याला.

आनंदाबाई: अन् दोरी?

अंकिता: मी धरते.

आनंदाबाई: जोरानं नको देजो. त्याले हळूच लागते.